साडेसहाचे इंजिन

माझ्या घरातील फरशीवर डाग राहता कामा नये, हा नियम मी माणसांना जितका कडकपणे लावला तितकाच मोटारीलाही लावला. त्यामुळे पडवीत उभ्या असलेल्या आमच्या गाडीखाली पहिल्यांदा रुपयाएवढा काळा डाग दिसला, तेव्हा मी तो सोडा लावून घासून काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेथेच हजर होता. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातील जुना ॲल्युमिनियमचा ट्रे आणला आणि ठिबकणाऱ्या जागेच्या बरोबर खाली सरकवला. पुढे आठ महिने मी दररोज सकाळी तो ट्रे ओतून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवीत असे. फरशीत तोंड दिसत होते. गाडीतून जे रोज बाहेर पडत होते ते केव्हातरी आत घालावेही लागते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. आणि मी विचारीत फिरणाऱ्या बायकांपैकी नव्हे.

मग एका सोमवारी ट्रे कोरडा निघाला. मी नणंदेला वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली बोलावले. नणंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असली तरी माझ्या प्रत्येक कर्तबगारीबद्दल तिला जन्मजात शंका आहे.

"पाहा वन्सं," मी म्हणाले, "शेवटी वळण लागलं."

"गाडीला?"

"कोणालाही लागतं. सातत्य ठेवावं लागतं."

तिने खाली वाकून ट्रे पाहिला, मग गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "वहिनी, दादाच्या गाडीला आजवर वळण नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला?" एवढे बोलून ती वर निघून गेली. गुरुवारी इंजिन बंद पडले.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचा असा समज व्हायचा की मी या वयात मोटार हाकीत होते. मी मोटार चालवीत नाही. माझ्या बरोबरीच्या काही बायका शिकल्या. मला रोज घरी परत येणारे माणूस होते, त्यामुळे स्वतः कोठे जाऊन परत येण्याची विद्या मला लागली नाही. ह्यांना जाऊन सहा वर्षे झाली. गाडीबद्दल मला एवढेच ठाऊक होते की किल्ली उजवीकडे फिरवली की ती बोलू लागते. रोज सकाळी सात वाजता मी तेवढेच करीत असे; पेट्रोल पंपावरचा पोऱ्या महिन्यातून एकदा येऊन डब्याने ओतून जाई. किल्ली फिरवायची, दार हलकेच लोटायचे, आणि स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन दहा मिनिटे बसायचे. गाडीत बसून ऐकण्यात अर्थ नव्हता. एकेचाळीस वर्षे मी तो आवाज भिंतीच्या अलीकडूनच ऐकला होता.

संध्याकाळी साडेसहाला तो आवाज कोपऱ्यावर वळे. प्रथम दोनदा टकटक, मग एक लांबलचक खर्र, आणि फाटकाशी येता येता घसा साफ केल्यासारखा एक खोकला. वळणावर गिअर उशिरा पडला तर समजावे की कचेरीत कोणाशी तरी वाजले आहे. त्या दिवशी चहा समोर ठेवून मी गप्प राही. गिअर पटकन पडला तर आज बोलायला हरकत नाही. आणि गाडी फाटकाशी आल्यावर लगेच बंद न होता मिनिटभर तशीच गुरगुरत राहिली, तर समजावे की आत बसलेल्या माणसाच्या मनात काहीतरी आहे आणि ते घरात आणावे की नाही याचा विचार चालला आहे. ह्यांचा सगळा दिवस ह्यांच्या आधी वीस पावले माझ्यापर्यंत पोहोचत असे. आता उभ्या गाडीच्या गुरगुरण्यात ना वळण होते, ना गिअर. पण मिनिटभराच्या त्या थांबण्यासारखे तरी काही होते. मी त्यावर भागवून घेत होते.

त्या गुरुवारी चौथ्याच मिनिटाला आवाज बदलला. लोखंडी जिन्यावरून कोणी पातेली सोडून द्यावीत तसा खडखडाट झाला, मग एक ठोका, आणि मग काहीच नाही. मी बाहेर आले तेव्हा बॉनेटमधून धूर निघत होता आणि समोरच्या फळीवरचा लाल दिवा शांतपणे जळत होता.

हा लाल दिवा गेले तीन आठवडे लागत होता, हे मी मान्य करते. त्यावर एका लहानशा झारीचे चित्र असून झारीच्या तोंडाशी एक थेंब आहे. इस्त्रीचा लाल दिवा लागला की इस्त्री चालू आहे असे समजतात. गाडीचाही त्याच अर्थाने लागतो असे मी धरले होते. उलट पूर्वी तो लागत नसे आणि आता नियमाने लागतो, यात मला प्रगतीच दिसली होती.

धूर पाहून पहिले आले ते शेजारचे पूलवाले. ते निवृत्त अभियंते आहेत, उभी हयात पूल बांधण्यात गेली, आणि जगातील प्रत्येक वस्तूकडे ते ती किती भार पेलेल या दृष्टीने पाहतात. त्यांनी बॉनेट उघडले, आत बराच वेळ टक लावून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, हा पूल नाही."

"ते मला दिसतंय."

"पूल असता तर सांगितलं असतं. पण तत्त्व तेच. लोखंड लोखंडाला घासलं. मध्ये तेल हवं. तेल कधी घातलं होतं?"

"तेल बाहेर येत होतं. भरपूर होतं," मी म्हणाले.

पूलवाले माझ्याकडे पाहत राहिले. या माणसाने नदीच्या पुराकडेही असेच पाहिले असेल. त्यांनी आतील एक सळई ओढून काढली. तिला तेल मोजायची काडी म्हणतात, आणि ती माझ्या फरशीइतकीच स्वच्छ होती.

चिरंजीवांचा फोन त्या दिवशीच आला. नणंदेचे पाय दुखतात, पण बातमी पोहोचवण्यात ती वाऱ्यालाही मागे टाकते. चिरंजीव दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच तोडगा असतो: जुने देऊन टाकणे.

"आई, ती गाडी भंगारात दे. मी तुला नवीन घेऊन देतो. किल्लीसुद्धा लागत नाही, बटण दाबलं की सुरू."

"बटण दाबल्यावर घंटी वाजते. गाडी नाही."

"आई, तू ती चालवत नाहीस. कुठे जात नाहीस. तुला इंजिन कशाला हवंय?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. पण चाळीस वर्षांच्या मुलाला आईने ते फोनवर सांगावे अशी आमच्या घरची पद्धत नाही. मी म्हटले, "वस्तू बिघडली तर दुरुस्त करून ठेवावी," आणि फोन ठेवला.

मिस्त्री पन्नाशीचे होते, हातावर कोपरापर्यंत तेल, कानामागे पेन्सिल. ह्यांच्या वेळी गाडी त्यांच्याचकडे जात असे, पण मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी पट्ट्याने गाडी ओढून गॅरेजात नेली, खाली आडवे होऊन पाहिले, बाहेर येऊन उकिडवे बसले.

"आजी, इंजिन जाम झालंय. बेअरिंग वितळली. क्रँक खरडलाय, पिस्टन अडकले. दुसरं इंजिन टाकू, जुन्यातलं, चांगलं मिळतं."

"मी तुमची आजी नव्हे. आणि दुसरं नको. हेच."

"हेच करायला सगळं सुटं करावं लागेल, बाई. एकेक नट."

"मग करा."

"आणि त्यापेक्षा दुसरं—"

"मिस्त्री," मी म्हणाले, "माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनीही मला हेच सुचवलं होतं. तेव्हाही मी हेच म्हणाले होते."

त्यांनी पेन्सिल काढली. पण त्यांचा एक रिवाज होता. इंजिन उघडण्यापूर्वी गाडीच्या मालकाची वहीत सही लागे: नाव, नंबर, सही. पूर्वी एकदा त्यांनी अजाणता चोरीची गाडी उघडली होती आणि त्यापायी पोलिस ठाण्यात दोन दिवस काढले होते. तेव्हापासून सहीशिवाय पान्याला हात नाही. गाडीचे नोंदणीपुस्तक उघडले तर त्यावर ह्यांचे नाव.

"साहेब येतील का सही करायला?" मिस्त्रींनी विचारले, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मान खाली घातली आणि पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "मग तुमच्या नावावर करून घ्या, बाई. मी थांबतो."

सहा वर्षांत मी सगळे कागद बदलले होते. वीज, पाणी, घर, बँक. गाडीचे तेवढे राहिले होते. राहिले होते म्हणजे मी राहू दिले होते. कोठेतरी एका सरकारी दप्तरात अजून लिहिलेले आहे की ह्यांच्या मालकीचे चाकावर चालणारे काहीतरी आहे, म्हणजे ते अजून कोठूनही परत येऊ शकतात. हे माझे गणित होते. गणित चुकीचे आहे हे मला कळते. मी शाळेत गणितात पहिली येत असे.

नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गाडी तपासणीला आणा. चालू स्थितीत."

"ती बंद आहे."

"मग दुरुस्त करून आणा."

"मालकाच्या सहीशिवाय मिस्त्री दुरुस्त करीत नाही."

"मग मालकांना सही करायला सांगा."

"नाव बदलण्याचा अर्ज कशाबद्दल आहे ते आपण वाचलंत का?"

त्यांनी पुन्हा वाचले. या वेळी त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे बघा आजी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाव बदलायला गाडी चालू पाहिजे, गाडी चालू करायला नाव बदललेलं पाहिजे."

"म्हणजे तुमच्या कायद्याप्रमाणे गाडी कोणाची?"

"कायद्याने... सध्या... कोणाचीच नाही."

"मग माझी आहे," मी म्हणाले, आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसले.

मी तेथे तीन दिवस बसले. आरडाओरडा केला नाही. तो माझ्या स्वभावात नाही. फक्त सकाळी खिडकी उघडताना मी बाकावर असे आणि दुपारी ती बंद होताना मीच शेवटची उठत असे. पहिल्या दिवशी त्यांनी दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या कपाटावरची धूळ मी त्यांच्या लक्षात आणून दिली. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी मला आत बोलावले, अर्जातला 'शेरा' हा रकाना दाखवला आणि हळूच म्हणाले, "इथे मी 'दुरुस्तीसाठी उभी' असं लिहितो. असं आजवर कोणी लिहिलेलं नाही. पण लिहू नये असंही कुठे लिहिलेलं नाही."

"माझ्या नावापुढे ते सहा वर्षांपूर्वीच लिहायचं होतं," मी म्हणाले.

मग त्यांनी मोठी नोंदवही काढली, पान उघडले आणि लाल शाईचे पेन उचलले. ह्यांचे नाव तेथे निळ्या शाईत होते. कोणा कारकुनाच्या सुरेख अक्षरात. चष्मेवाल्यांचा हात नुसताच रेघ ओढायला निघाला.

"पट्टीनं मारा," मी म्हणाले.

"अं?"

"रेघ पट्टीनं मारायची असते. आणि बारीक. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्यांनी खण उघडून पट्टी शोधली. रेघ सरळ आली. मी सही केली, आणि पायऱ्या उतरताना माझा गुडघा दुखत नव्हता हे मला फार वेळाने जाणवले. दुसरे काहीतरी दुखत असले की गुडघा गप्प बसतो.

इंजिन उघडले. मी रोज अकरा वाजता गॅरेजात जाऊ लागले. मिस्त्रींना हे आवडत नव्हते, पण त्यांनी खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली म्हणजे बसायला सांगितले असाच मी अर्थ घेतला. गॅरेज म्हणजे काय याची मला कल्पना नव्हती. पिस्टन चहाच्या कपांशेजारी, नट पत्र्याच्या डब्यात, भिंतीला हात लावावा तर हात काळा. मी पहिल्याच दिवशी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी जुनी चादर आणून सुट्या भागांखाली अंथरली.

"बाई, तुम्ही बसलात की माझा हात थरथरतो," मिस्त्री म्हणाले.

"थरथरू दे. पण धुवून थरथरू दे."

पूलवाले संध्याकाळी येऊन पाहून जात. "क्रँक म्हणजे तुळई समजा," ते मला सांगत. "भार सगळा तिच्यावर." या क्रँकशाफ्टचा माझ्या मनावर परिणाम झाला. लेथवर घासून, गुळगुळीत करून तो परत आला तेव्हा चांदीच्या दागिन्यासारखा चमकत होता. फक्त वरून त्याला सगळीकडे तेल चोपडलेले होते. मिस्त्री जेवायला गेले होते. दागिन्यावर कोणी तेल चोपडते का? मी बादलीभर पाणी मागवले, साबण घेतला, आणि त्या तुळईला अंघोळ घातली. फडक्याने पुसून चादरीवर ठेवली. इतके स्वच्छ काम त्या जागेने पूर्वी पाहिले नसावे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी पोहोचले तेव्हा मिस्त्री चादरीसमोर उभे होते. चांदीवर तांबूस पुरळ उठले होते. गंज.

"धुतला?" त्यांनी विचारले.

"अर्थात."

"साबणानं?"

"नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही."

या माणसाने एवढ्या दिवसांत माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "बाई, तेल म्हणजे घाण नाही!" ते ओरडले. "तेल म्हणजे घाण नाही! तेच तर सगळं धरून ठेवतं! साहेबांना माहीत होतं. दर रविवारी स्वतः काडी काढून बघायचे. थेंब कमी दिसला की माझ्याकडून डबा घेऊन जायचे. तीस वर्षांत त्यांनी मला इंजिन उघडू दिलं नाही. कधी गरजच पडली नाही!"

मी खुर्चीवर बसले. माझ्याशी असे कोणी बोलले की त्याला कसे उत्तर द्यावे हे मला उत्तम ठाऊक आहे. पण मला रविवार आठवत होता. दर रविवारी हे पडवीतून आत येत तेव्हा दोन बोटे काळी असत, आणि मी दाराच्या कडीला हात लावू देत नसे. "आधी तीनदा धुवा," मी आतूनच सांगे. हे तीनदा धूत. एकदाही म्हणाले नाहीत की तेल पाहत होतो. एकदाही मी विचारले नाही की पडवीत काय करीत होता. एकेचाळीस वर्षांचे रविवार. ती दोन काळी बोटे आता कोणी दाराला लावली असती, तर मी तो डाग पुसला नसता.

"परत घासून आणा," मी मिस्त्रींना म्हणाले. "माझी चूक झाली." हे वाक्य मी यापूर्वी कोणाला म्हटल्याचे स्मरत नाही. मिस्त्रींनाही ते कसे घ्यावे कळले नसावे. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

क्रँक पुन्हा घासून आला. नवी बेअरिंग बसली, नव्या रिंगा बसल्या, सिलिंडर गुळगुळीत झाले, आणि ठिबकणारे सील बदलले गेले. बंद करण्यापूर्वी मिस्त्रींनी विचारले, "बाई, पूर्वी आवाज कसा होता? म्हणजे कुठे काय ढिलं होतं ते कळेल." त्या दिवशी नणंदही आली होती, दादाच्या गाडीत परकी माणसे काय करतात हे पाहण्याचा तिचा हक्क होता.

मी म्हणाले, "दोनदा टकटक. मग खर्र. मग खोकला."

"छे!" नणंद म्हणाली. "आधी खर्र. मग टकटक. आणि खोकला नाहीच, उचकी."

"वन्सं, मी एकेचाळीस वर्षं ऐकलाय."

"मीसुद्धा वरच्या गॅलरीतून ऐकलाय. वर आवाज जास्त स्पष्ट येतो. दादा वळला की असं व्हायचं: खर्रर्र, टक, टक, हुच्."

"मुळीच नाही. टक-टक, खर्रर्र, खँ."

"हुच्!"

"खँ!"

दोन वयोवृद्ध, प्रतिष्ठित घरातील स्त्रिया मोटारीचा आवाज काढीत आहेत हे पाहून रस्त्यावरचे दोघे थांबले. पूलवाल्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि निर्णय दिला की वाऱ्याच्या दिशेप्रमाणे दोन्ही बरोबर असू शकतात. मिस्त्री हातातले फडके पिळीत म्हणाले, "टकटक म्हणजे टॅपेट. खर्र म्हणजे चेन. खोकला का उचकी ते सायलेन्सरचं. सगळं नीट करतो." घरी परतताना नणंद माझ्या दंडाला धरून चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, खोकला होता कधीकधी. थंडीत." मी म्हणाले, "आणि उन्हाळ्यात उचकी लागायची." यापेक्षा जास्त समेट आमच्यात यापूर्वी झालेला नाही.

शनिवारी गाडी तयार झाली. मिस्त्रींना मी नेमके सांगितले: कोपऱ्यापलीकडे जाऊन थांबायचे, साडेसहाला वळायचे आणि फाटकाशी यायचे. मी साडेचारपासून स्वयंपाकघरात स्टुलावर होते. नणंद येऊन भिंतीला टेकून बसली. सहा वाजले. सव्वासहा. साडेसहाला मी नळ बंद केला, कारण त्याचा थेंब वाजत होता. पावणेसात झाले. "कारागिरांना वेळेची किंमत नसते," मी म्हणाले; पण आवाज माझा मलाच पटला नाही. सात वाजायला आले. नणंदेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे. हात धुतलेले होते.

"बाई, मोठं फाटक उघडता का? केव्हाचा उभा आहे."

"कशाशी उभे आहात?"

"गाडीशी. इंजिन चालू आहे की."

मी कान दिला. फार लक्ष देऊन ऐकले तर पलीकडच्या खोलीत कोणी गाढ झोपले असावे एवढी चाहूल होती. नणंदेने माझ्याकडे पाहिले.

"आवाज कुठंय?" मी विचारले.

"काढला सगळा!" मिस्त्रींचा चेहरा उजळून गेला होता. "एक ठोका नाही. नव्या गाडीला असा नसतो."

"तो परत घाला."

"काय?"

"जो काढलात तो. टकटक आणि खर्र. थोडं ढिलं करा."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल ते केलं. चिठ्ठ्या लावू दिल्या, चादर घालू दिली. हे नाही करणार. माझ्या हातून गेलेली गाडी आहे. मुद्दाम बिघडवून देणार नाही. तुमच्यासाठीही नाही."

त्यांची मान ताठ होती. अशी मान मी आरशात रोज पाहते. तिच्याशी वाद घालण्यात काय हशील आहे हे मला माहीत आहे.

"मग आपोआप कधी येईल?"

"आवाज? तेल वेळेवर बदललं, रोज चालवली, तर पंधरा वर्षांनी. थोडासा."

"आणि उभीच ठेवली तर?"

"तर इंजिनच राहणार नाही. याला चालवावंच लागतं."

"पंधरा," मी म्हणाले. "बरं."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर आणि पंधरा..."

"मला बेरीज येते, वन्सं."

मी उठले. मिस्त्रींना म्हणाले, "पुन्हा कोपऱ्यापलीकडे जा. तिथून या."

"बाई, ऐकू येणार नाही."

"माहीत आहे."

ह्यांची वाट पाहत मी दारात कधी उभी राहिले नाही. हे आत येत तेव्हा माझी पाठ दाराकडे असे आणि हात कामात असत, "आलात का?" असे मी वळूनही न पाहता म्हणे, जणू मला तेव्हाच कळले. कोपऱ्यावरच्या पहिल्या ठोक्यालाच मला कळलेले असे आणि माझ्या हातातले काम तेव्हापासून थांबलेले असे, हे ह्यांना कधी कळू दिले नाही. त्या संध्याकाळी मी पायऱ्या उतरले, पडवी ओलांडली आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले.

पूलवाले कुंपणापाशी झाडांना पाणी घालीत होते. "वहिनी? कोणाची तरी वाट बघताय?"

एरवी मी त्यांना त्यांच्या झाडांकडे लक्ष द्यायला सांगितले असते.

"हो," मी म्हणाले.

उजेड उतरत होता. कोपऱ्यावर प्रथम दिव्यांचा पिवळा झोत भिंतीवर सरकला, मग गाडीचे नाक आले, मग सगळी गाडी. ना टकटक, ना खर्र. ती वळली, आणि वळताना किंचित मंदावली. गिअर पटकन पडला की उशिरा, ते मला सांगता येणार नाही. ती माझ्या दिशेने येत होती, आणि मी फाटकाच्या दोन्ही झडपा उघडून एक हाताने धरून ठेवली होती. मला वाटत होते त्यापेक्षा रस्ता पुष्कळ लांब होता.

मिस्त्रींनी गाडी माझ्याजवळ थांबवली आणि काच खाली केली.

"ऐकू आली का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "दिसली."